दोन वर्षं लपवलेला मृत्यू: अतिरेकी संघटनेचा प्रमुख बदलतो तरी कसा?

'अमुक संघटनेचा म्होरक्या ठार' अशी बातमी आली की टीव्हीच्या पडद्यावर लगेच 'कंबरडं मोडलं'ची पट्टी फिरू लागते. मग चार दिवसांनी किंवा सहा आठवड्यांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक अनोळखी नाव छापून येतं, नवा प्रमुख म्हणून. मधल्या काळात त्याला कुणी निवडलं आणि हजारो बंदूकधाऱ्यांनी त्याचं का ऐकायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. संघटना टिकणार की फुटणार याचा निकाल बहुतेक वेळा त्या मधल्या काळातच लागतो.

इथे मुख्य उदाहरण अफगाण तालिबानचं घेतलं आहे. त्यांचा प्रमुख दोनदा बदलला. एकदा अतिशय वाईट रीतीने, आणि दहाच महिन्यांनी अतिशय सफाईने. शिवाय ऑगस्ट २०२१ पासून हीच संघटना एक अख्खा देश चालवते आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासातही आपला माणूस नेमला. त्यामुळे तिथे वर कोण बसतो हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तेवढा दूर नाही.

आधी तीन शब्द

अमीर म्हणजे प्रमुख. शूरा म्हणजे सल्लागार मंडळ. तालिबानच्या सर्वोच्च मंडळाला रहबरी शूरा म्हणतात. ते बरीच वर्षं पाकिस्तानातल्या क्वेट्टा शहरातून चालत असल्यामुळे बातम्यांमध्ये त्याला 'क्वेट्टा शूरा' असंही नाव पडलं.

तिसरा शब्द सगळ्यात महत्त्वाचा: बैअत. अमीराच्या हाती आपली निष्ठा सोपवण्याची ही शपथ. ही रीत अतिरेक्यांनी शोधलेली नाही. सुफी परंपरेत मुरीद, म्हणजे शिष्य, आपल्या पीराकडे बैअत घेतो, आणि त्यात बंदुकीचा संबंध नसतो. अतिरेकी संघटनांनी हीच जुनी, आदराची रीत उचलून तिचं फौजी आज्ञापालनात रूपांतर केलं.

कळीची गोष्ट अशी की ही शपथ संघटनेच्या नावाने नसते, एका जिवंत माणसाच्या नावाने असते. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात कुलमुखत्यारपत्र देणारा वारला की ते पत्र सर्वसाधारणपणे तिथेच संपतं आणि वारसांकडून नवं घ्यावं लागतं. बैअतीचंही साधारण तसंच. अमीर गेला की प्रत्येक कमांडर आणि प्रत्येक मित्रसंघटना तत्त्वतः मोकळी होते. ती नव्या माणसाकडे जाऊ शकते, घरी जाऊ शकते किंवा प्रतिस्पर्ध्याकडेही. म्हणून प्रमुख मेल्यावर नवं नाव ठरवणं हे तुलनेने सोपं काम असतं. त्या नावाने सगळ्यांकडून पुन्हा शपथ मिळवणं हे खरं काम, आणि घोळ होतो तो तिथेच.

धर्मात वारसाची पद्धत ठरलेली नाही का?

सुन्नी परंपरेत एकच एक पद्धत नाही. प्रेषित मुहम्मदांच्या निधनानंतर ६३२ साली मदिनेत जमलेल्या लोकांच्या चर्चेतून अबू बक्र खलिफा झाले. त्यांनी ६३४ मध्ये मृत्यूपूर्वी स्वतःच उमर यांचं नाव सुचवलं. उमर यांनी ६४४ मध्ये सहा जणांची समिती नेमली आणि तिने उस्मान यांना निवडलं. बारा वर्षांत तीन निवडी झाल्या आणि तिन्हींच्या रीती वेगळ्या होत्या.

आजच्या संघटना यातला आपल्याला सोयीचा दाखला उचलतात. घाई असली की 'नेमून गेले होते' म्हणायचं, नेमणूक नसली की 'शूरेने निवडलं' म्हणायचं. पराभूत गटाच्या हातातही दाखला उरतोच: 'मोठी सभा भरवली नाही, सगळ्या जाणत्यांना विचारलं नाही.' पद्धत लवचिक असल्याचा फायदा जिंकणाऱ्याला होतो, तसाच तक्रार करणाऱ्यालाही.

मेलेला अमीर आणि त्याच्या नावाने निघणारे संदेश

४ एप्रिल १९९६ रोजी कंदाहारमध्ये मुल्ला मोहम्मद उमर एका इमारतीच्या गच्चीवर उभा राहिला. अंगाभोवती होता प्रेषितांचा म्हणून जपून ठेवलेला झगा, आणि खाली शेकडो मौलवी. त्या दिवशी त्याला 'अमीर-उल-मोमिनीन', म्हणजे श्रद्धावंतांचा प्रमुख, ही पदवी मिळाली. ही पदवी साध्या कमांडरची नाही. तिच्यामुळे ओसामा बिन लादेनसकट बाहेरच्या जिहादी नेत्यांनीही त्याला बैअत दिली. अल कायदाची निष्ठा उमरशी जोडली गेली ती अशी.

२००१ नंतर उमर कुणालाच दिसेना. नित्याचा कारभार आधी उपप्रमुख अब्दुल गनी बरादर बघत होता. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याला कराचीत अटक झाली, आणि सूत्रं अख्तर मन्सूरकडे सरकली. मन्सूर हा नव्वदच्या दशकातल्या तालिबान सरकारात विमान वाहतूक मंत्री होता.

२३ एप्रिल २०१३ रोजी उमर मेला. तो कराचीच्या रुग्णालयात मेला असं अफगाण गुप्तचर खात्याने सांगितलं. तालिबानच्या म्हणण्याप्रमाणे त्याने अफगाणिस्तान सोडलंच नव्हतं. जागेचा वाद काहीही असो, बातमी मोजक्या लोकांतच ठेवली गेली. पुढची दोन वर्षं दर ईदला त्याच्या नावाने संदेश निघत राहिले. जुलै २०१४ मध्ये अल कायदाने एका पत्रकातून त्याच्यावरची निष्ठा पुन्हा जाहीर केली, तेव्हा तो जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. एप्रिल २०१५ मध्ये तालिबानने त्याचं चरित्र प्रसिद्ध केलं आणि तो रोजच्या घडामोडींच्या संपर्कात असल्याचं त्यात लिहिलं.

लपवलं का? कारण तालिबानने स्वतःच पुढे दिलं: २०१३ हे परदेशी फौजांशी लढाईचं निर्णायक वर्ष मानलं जात होतं. २०१४ च्या अखेरीस नाटोची लढाऊ मोहीम संपणार होती. अशा वेळी हजारो लढवय्यांची शपथ एकाएकी मोकळी करणं त्यांना परवडणारं नव्हतं. हिशेब म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण बैअत जिवंत माणसाशी असते हा नियम त्यांनी स्वतः मोडला, आणि त्याची किंमत पुढे वसूल झाली.

पहिला फटका जानेवारी २०१५ मध्येच बसला. आयसिसने आपली 'खोरासान', म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तान भागातली, शाखा जाहीर केली आणि तिच्या लोकांनी सवाल लावून धरला: तुमचा अमीर जिवंत असेल तर त्याचा आवाज तरी ऐकवा. उत्तर नव्हतं. आयसिसचा खलिफा अबू बक्र अल-बगदादी आदल्याच वर्षी मोसुलच्या मशिदीत उभा राहून सगळ्या जगाला दिसला होता. नाराज कमांडरांना जायला दुसरं दार मिळालं.

२०१५: निवड झाली, शपथ मिळेना

जुलै २०१५ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे अफगाण सरकार आणि तालिबान समोरासमोर बसले. उमरच्या नावाने निघालेल्या ईदच्या संदेशात वाटाघाटींना पाठिंबा होता. २९ जुलैला काबूलने जाहीर केलं की उमर दोन वर्षांपूर्वीच मेला आहे. दुसऱ्याच दिवशी तालिबानने ते मान्य केलं आणि मन्सूरचं नाव पुढे आलं. बोलण्यांची दुसरी फेरी ३१ जुलैला ठरली होती, ती बारगळली.

मन्सूरला निवडलं ते क्वेट्टात जमलेल्या मोजक्या लोकांनी. उमरचा मुलगा याकूब आणि भाऊ अब्दुल मनान यांनी त्याला शपथ द्यायला नकार दिला. दोह्यातल्या राजकीय कार्यालयाचा प्रमुख तय्यब आगा याने राजीनामा दिला. मृत्यू लपवणं आणि देशाबाहेर नेता निवडणं या दोन्हींना त्याने चूक ठरवलं. नोव्हेंबरमध्ये मुल्ला रसूल याने फराह प्रांतात वेगळी चूल मांडली. मन्सूर दादुल्ला नावाचा कमांडर झाबुलमध्ये विरोधात उभा राहिला, तो त्याच महिन्यात लढाईत मारला गेला. त्याच्या बाजूने लढणाऱ्या उझबेक लढवय्यांनी आयसिसला बैअत दिली होती, त्यांचाही तिथे तालिबानच्याच हातून फडशा पडला.

अख्तर मन्सूरने हे सावरलं कसं, हे बघण्यासारखं आहे, कारण वारसाहक्काचं राजकारण चालतं ते असं. पैशाच्या नाड्या आधीपासून त्याच्या हातात होत्या. त्याने पहिल्याच आठवड्यात दोन उपप्रमुख जाहीर केले. एक हैबतुल्ला अखुंदजादा, न्यायालयांचा प्रमुख, म्हणजे मौलवींचा विश्वास. दुसरा सिराजुद्दीन हक्कानी, पूर्वेकडचं सगळ्यात घातक लढाऊ जाळं. ऑगस्टमध्ये अल कायदाच्या अयमान अल-जवाहिरीने त्याला बैअत दिली. सप्टेंबरमध्ये उमरच्या कुटुंबानेही दिली, आणि पुढे याकूब व मनान यांना रहबरी शूरेत जागा मिळाल्या. २८ सप्टेंबरला कुंदुझ शहर तालिबानच्या हाती पडलं. २००१ नंतर एखादं मोठं शहर त्यांनी घेतल्याची ती पहिलीच वेळ, आणि रणांगणावरचा विजय शपथा गोळा करायला फतव्यापेक्षा जास्त उपयोगी पडला.

२०१६: चार दिवसांत काम झालं

२१ मे २०१६ रोजी इराणच्या सीमेकडून क्वेट्टाकडे मोटारीने येताना मन्सूर बलुचिस्तानात अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यात मारला गेला. २५ मेला हैबतुल्लाचं नाव जाहीर झालं.

या खेपेला मृत्यू लपवला नाही, कारण लपवण्याने काय होतं हे नुकतंच भोगून झालं होतं. वारस आधीच उपप्रमुख होता, त्यामुळे नव्याने वाद घालायला फार जागा नव्हती. आणि घोषणेतच सिराजुद्दीन व याकूब या दोघांची नावं उपप्रमुख म्हणून आली, म्हणजे जे फुटू शकत होते तेच पायऱ्यांवर बसवले गेले. हैबतुल्ला स्वतः रणांगणावरचा नामांकित कमांडर नव्हता. कंदाहारच्या पंजवाई भागातला मदरशांचा आणि न्यायदानाचा माणूस. ते पथ्यावरच पडलं, कारण त्याच्याकडे स्वतःची फौज नसल्यामुळे कुठल्याच बड्या कमांडरला तो धोकादायक वाटला नाही. शूरेतली निवड अनेकदा सगळ्यात ताकदवान माणसाची नसते, सगळ्यांना कमी खुपणाऱ्याची असते.

मुलालाच गादी का देत नाहीत?

आपल्याकडच्या राजकारणाची सवय असल्यामुळे हा प्रश्न पडतोच. सुन्नी जिहादी विचारात गादी वंशाने मिळणं हे राजेशाहीचं लक्षण मानतात, आणि राजेशाहीला तर यांचा विरोध. त्यामुळे उघडपणे 'मुलगा म्हणून' कुणाला बसवता येत नाही. व्यवहारात मात्र नाव चालतं. याकूब २०१५ मध्ये पंचविशीच्या आसपास होता. अमीरपद मिळालं नाही, पण दहा महिन्यांत उपप्रमुखपद मिळालं, आणि आज तो संरक्षणमंत्री आहे. हक्कानी गटात तर जलालुद्दीनकडून सूत्रं सरळ मुलाकडे, सिराजुद्दीनकडे गेली.

टोळीचं आणि गावकीचं गणितही सुटत नाही. पाकिस्तानी तालिबान ही वेगळी संघटना आहे. तिचे पहिले दोन्ही प्रमुख मेहसूद जमातीचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये दुसरा, हकीमुल्ला, ड्रोन हल्ल्यात मेला आणि स्वातचा मुल्ला फजलुल्ला प्रमुख झाला. मेहसूदांना ते रुचलं नाही. २०१४ मध्ये एकामागून एक गट बाहेर पडले, काही कमांडरांनी थेट बगदादीला बैअत दिली, आणि आयसिसची खोरासान शाखा मुख्यतः याच फुटलेल्या लोकांतून उभी राहिली. २०१८ मध्ये फजलुल्ला मारला गेल्यावर नूर वली मेहसूद आला आणि २०२० पासून दुरावलेले गट परत येऊ लागले.

आयसिस: चेहरा नसलेला खलिफा

आयसिसने स्वतःसाठी अट फार कडक लावून घेतली. तालिबानचा अमीर अफगाणिस्तानाचा. आयसिसचा खलिफा मात्र जगातल्या सगळ्या मुसलमानांचा असल्याचा दावा. जगातल्या बहुसंख्य उलेमांनी तो दावा साफ फेटाळला आहे. पण दावा केला की त्यासोबत जुन्या ग्रंथांतल्या अटीही आल्या: माणूस प्रेषितांच्या कुरैश वंशातला हवा, विद्वान हवा, शरीराने धडधाकट हवा. म्हणून प्रत्येक नव्या नावाच्या शेवटी 'अल-कुरैशी' चिकटवलेलं दिसतं.

अडचण उघड आहे. खलिफा कोण ते सांगितलं तर तो मारला जातो, आणि नाही सांगितलं तर अटी पूर्ण झाल्या की नाही ते कुणालाच तपासता येत नाही. बगदादी २७ ऑक्टोबर २०१९ रोजी इदलिबमध्ये मेला. चार दिवसांत 'अबू इब्राहिम अल-हाशिमी अल-कुरैशी' हे नाव ध्वनिफितीवरून जाहीर झालं. पाठोपाठ सिनाई, सोमालिया, येमेन अशा शाखांकडून हात एकावर एक ठेवून शपथ घेतानाची छायाचित्रं आली. नाव टोपण होतं. तो अमीर मोहम्मद अल-मौला असल्याचं पुढे कळलं, आणि २००८ मध्ये अमेरिकी कैदेत असताना त्याने आपल्याच साथीदारांची नावं सांगितल्याच्या चौकशी नोंदी अमेरिकेने २०२० मध्ये उघड केल्या. विरोधकांनी तो अरबच नाही, त्याला एक पाय नाही, असे मुद्दे काढले. ज्या अटी अभिमानाने मिरवल्या त्याच गळ्यात अडकल्या.

आता तारखांमधली अंतरं बघा. २०१९ मध्ये वारस जाहीर व्हायला चार दिवस लागले. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी अल-मौला मेला, घोषणा १० मार्चला झाली. तिसरा त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर मेला, घोषणा ३० नोव्हेंबरला. चौथ्याला एप्रिल २०२३ मध्ये मारल्याचं तुर्कस्तान सांगतं. आयसिसने ते ३ ऑगस्टला मानलं आणि श्रेय वेगळ्याच गटाला दिलं. अंतर वाढतं आहे, म्हणजे एकमेकांना निरोप पोचवणं, भेटणं, सहमती मिळवणं दिवसेंदिवस कठीण होतं आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याचं नाव बातम्यांत आलं ते या साखळीच्या दुसऱ्या टोकाकडून. डिसेंबर २०२३ च्या छाप्यांनंतर राष्ट्रीय तपास संस्थेने आरोप केला की मुख्य आरोपी नव्याने येणाऱ्यांकडून आयसिसच्या खलिफाच्या नावाने बैअत घेत होता. हा तपास यंत्रणेचा आरोप आहे, आणि त्यावरून गावातल्या साध्या माणसांकडे बोट दाखवणं अन्यायाचं ठरेल. मुद्दा इतकाच की तेव्हाच्या खलिफाचा चेहरा, आवाज किंवा खरं नाव जगासमोर आलेलं नव्हतं. मागितली जाणारी निष्ठा अशा माणसाशी होती जो आहे की नाही हेही शपथ घेणाऱ्याला तपासता आलं नसतं. आपल्या घरातल्या तरुणांना हे साध्या शब्दांत सांगण्यासारखं आहे.

अल कायदा: घोषणाच नाही

बिन लादेन २ मे २०११ रोजी मेला, आणि १६ जूनला जवाहिरीचं नाव आलं. जवाहिरी ३१ जुलै २०२२ रोजी काबूलमध्ये मारला गेला. त्यानंतर औपचारिक घोषणा झालीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनुसार सूत्रं सैफ अल-अदल या इजिप्शियन माणसाकडे आहेत आणि तो इराणात आहे. शिया इराणच्या आसऱ्याला बसलेला सुन्नी जिहादी अमीर जाहीर करायचा कसा, ही एक अडचण. दुसरी यजमानाची: काबूलमध्ये जवाहिरी होता हे तालिबानने कबूलच केलेलं नाही. वारस जाहीर करायचा तर आधी मृत्यू मान्य करावा लागतो.

मग म्होरक्याला मारून उपयोग होतो की नाही?

एका शब्दात उत्तर नाही. १८ एप्रिल २०१० रोजी इराकमधल्या आयसिसच्या पूर्वावताराचे दोन्ही बडे नेते एकाच वेळी मारले गेले. महिन्याभरात बगदादी वर आला, आणि चार वर्षांत मोसुल पडलं. कारण तुरुंगांतून सुटलेले लोक, सीरियातलं यादवी युद्ध आणि बगदादच्या सरकारवरचा सुन्नींचा राग हे सगळं जागच्या जागी होतं. २०१९ नंतर मात्र खलिफा मेले तसतशी संघटना सावरू शकली नाही. मार्च २०१९ मध्ये सीरियातलं बागूझ पडलं तेव्हा शेवटची जमीन, करवसुली आणि मुक्त हालचाल आधीच गेली होती. नेता मारल्याचा परिणाम खालची जमीन कुणाच्या ताब्यात आहे यावर ठरतो. माझ्या मते बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त निसटतो तो हाच भाग.

हैबतुल्लानंतर कोण?

अमीरपदाला मुदत नाही, मतदान नाही, निवृत्तीचं वय नाही. हैबतुल्ला कंदाहारमध्ये राहतो, क्वचितच दिसतो, आणि तोच अंतिम निर्णय घेतो. जुलै २०२२ मध्ये काबूलला तीन हजारांवर मौलवी जमवून त्याने आपली बैअत नव्याने पक्की करून घेतली. अमीर जिवंत असताना शपथ ताजी करून घेणं हा २०१५ चा धडा.

उपप्रमुखांपैकी सिराजुद्दीनकडे गृहखातं आणि स्वतःची माणसं आहेत. याकूबकडे सैन्य आणि बापाचं नाव. बरादरकडे वाटाघाटींचा अनुभव. तिघांकडे ताकद आहे, आणि २०१६ च्या निवडीवरून बघता तीच त्यांच्या आड येऊ शकते. कंदाहारच्या मौलवींमधून कुणी कमी खुपणारा पुढे आला तर नवल वाटायला नको.

फरक कुणाला पडेल? २३ मार्च २०२२ रोजी काबूलच्या शिक्षण खात्याने मुलींच्या माध्यमिक शाळा उघडायची तयारी केली होती. मुली सकाळी वर्गात जाऊन बसल्या, आणि काही तासांत कंदाहारच्या इच्छेवरून त्यांना घरी पाठवलं गेलं. युनेस्कोच्या ऑगस्ट २०२४ च्या आकड्यानुसार किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणाबाहेर आहेत. मुली आणि स्त्रियांच्या छळाच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये हैबतुल्लाविरुद्ध अटक वॉरंट काढलं. मंत्रिमंडळातले काही जण शाळाबंदीवर नाखूश असल्याचं अनेकदा दिसलं आहे; उपपरराष्ट्रमंत्री स्तानिकझाई जानेवारी २०२५ मध्ये तसं जाहीर बोलला आणि पाठोपाठ त्याला देशाबाहेर जावं लागलं. नवा अमीर आला तरी तो शपथा गोळा करण्याच्या काळात कंदाहारच्या मौलवींना दुखवणार नाही. म्हणून बदल झालाच तर पहिल्या दिवशी होणार नाही. बैअत पुरती हातात आल्यावर, बहुधा पहिल्या वर्षानंतर, त्याची वाट बघावी लागेल.